रमाबाई रानडे : सेवेतून स्वावलंबनाकडे

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावात महिला बचत गटाची बैठक भरते, तेव्हा हप्त्यांचा हिशेब आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. जमलेल्या पैशातून पुढे काय करायचे? पापड-लोणची, शिवणकाम, मसाल्याची गिरणी असे पर्याय मांडले जातात आणि पुष्कळदा चर्चा तेथेच थांबते. या जिल्ह्यात त्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा कापूसपट्टा देशभर चर्चेत आला आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भाचा दौरा करावा लागला. घरचा कर्ता माणूस गेल्यावर कर्ज, शेत आणि मुले यांचा भार ज्या स्त्रियांवर पडला, त्यांच्यासाठी स्वतःच्या उद्योगाचा विचार ही गरज आहे, हौस नव्हे.

नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीने काय करावे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील एका विधवेने स्वतःला विचारला होता. उत्तर शोधताना तिने आपल्या वाड्याचे दार इतर स्त्रियांसाठी उघडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिने उभारलेल्या कामाची रीत मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. पुढे यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म याच गावचा. माहेरी त्यांचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरी रीत नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह एकतिशीतील विधुर न्यायाधीशाशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कोवळ्या मुलीशी लग्न केले, ही टीका त्यांना जन्मभर ऐकावी लागली. म्हणजे ज्या लग्नामुळे एका सुधारकाच्या निष्ठेबद्दल शंका घेतली गेली, त्या लग्नातील मुलगी रमाबाई होत्या. त्या तडजोडीची भरपाई त्यांच्याच हातून व्हायची होती.

रानड्यांनी पत्नीला शिकवायला घेतले ते मुळाक्षरांपासून. मराठी वाचन-लेखन, हिशेब आणि पुढे इंग्रजी असा हा अभ्यास घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या नजरेखाली चालला. घरकामात कसूर होऊ नये आणि पाठही चुकू नये, अशी दुहेरी कसरत या मुलीने केली. इंग्रजी शिकण्यावरून टोमणे ऐकले, अबोला सोसला. उलट उत्तर न देता आपले काम पुढे रेटण्याची सवय त्यांना याच वर्षांत लागली. पुढे संस्था चालवताना हीच सवय त्यांच्या कामी आली.

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. तेथे मुलींच्या शाळेच्या निमित्ताने रमाबाई प्रथमच चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या. हळदीकुंकवाला स्त्रियांना बोलावून त्यांच्याशी शिक्षणाबद्दल बोलण्याचा परिपाठही त्यांनी ठेवला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला; त्याच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तीच पुढे हुजूरपागा म्हणून ख्यातनाम झालेली शाळा. तिच्या स्थापनेच्या प्रयत्नांत रमाबाईंनी भर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचले. सभेत त्यांचे कौतुक झाले, घरी मात्र बोलणी बसली.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस हलले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबमार्फत स्त्रियांसाठी भाषा, सामान्य ज्ञान आणि शिवणकाम यांचे वर्ग चालवले. शिवण ही प्रत्येक घराची गरज असल्याने शिवण शिकायला जाते, असे सांगून बाहेर पडणे सुनेला सोपे जाई. एकदा वर्गात आलेली बाई मग वाचायलाही शिके.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस. पोटी मूल नव्हते. मुंबईचे घर आवरून त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणाला भेटल्याही नाहीत. प्रतिष्ठित घरातील विधवेने व्रतवैकल्यांत आणि पोथीवाचनात उरलेले आयुष्य काढावे, अशी समाजाची अपेक्षा होती. तसे त्यांनी केले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. वर्षभरानंतर त्या घराबाहेर पडल्या त्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटायला. सणासुदीला त्या रुग्णालयांत फळे घेऊन जात, आजारी माणसांशी बोलत बसत. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली.

या भेटीगाठींतून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असावी. दया दाखवणाऱ्या हातांना त्या काळी तोटा नव्हता. उणीव होती ती स्त्रीला तिच्या श्रमाचे मोल मिळवून देणाऱ्या व्यवस्थेची. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली व अध्यक्षपदासाठी रमाबाईंना गळ घातली. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले ते रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी चिटणीसपदाची बाजू सांभाळली. देणग्या मिळवणे, हिशेब ठेवणे, सरकारदरबारी पत्रव्यवहार करणे हा भार देवधरांनी उचलला. स्त्रियांच्या घरच्यांचा विश्वास मिळवणे हे रमाबाईंचे काम होते. रानड्यांच्या वाड्यात आणि रमाबाईंच्या देखरेखीखाली मुलगी शिकते, हीच त्या काळी सर्वांत मोठी हमी होती.

ही हमी आवश्यक होती, कारण पुणेकरांचा अशा संस्थांवर विश्वास उरला नव्हता. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात धर्मांतराचा प्रयत्न होतो, असा आरोप होऊन १८९३ मध्ये रानडे प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध सोडला होता. धोंडो केशव कर्वे यांनाही विधवांच्या आश्रमापायी रोष सहन करावा लागला होता. रमाबाईंनी कर्मठ घरांशी वाद घालण्याचे टाळले. त्या स्वतः साधेपणाने राहिल्या, घरच्या चालीरीती पाळल्या आणि त्या चौकटीतच नवी वाट काढली. कोणाला हे धिमेपण वाटेल. पण मुलींना घराबाहेर पाठवायला आई-वडील राजी झाले, ते या धिमेपणामुळे.

मात्र एका बाबतीत त्यांनी समाजाशी तडजोड केली नाही. परिचारिकेचा पेशा त्या वेळी हलका मानला जाई. परपुरुषांची शुश्रूषा, रात्रपाळी, जातीचा विटाळ, अशी आक्षेपांची यादी मोठी होती. दुसरीकडे, पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला स्त्रिया तयार नसत, म्हणून रुग्णालयांना शिकलेल्या परिचारिकांची निकड होती. मुलींच्या शाळा वाढत होत्या, पण शिक्षिका मिळत नव्हत्या. जेथे गरज आहे आणि वेतन देणारा कोणी आहे, तेथेच प्रशिक्षण द्यायचे, हे सेवासदनाच्या यशाचे मर्म होय. १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या. त्यांच्या निवासाची व्यवस्था संस्थेने केली, कारण सुरक्षित राहण्याची सोय झाल्याखेरीज शिक्षण आणि नोकरी दोन्ही कागदावरच राहतात, हे रमाबाई जाणून होत्या. अध्यापिका तयार करण्याचे कामही पुढे संस्थेच्या कार्यात महत्त्वाचे ठरले.

संस्थेच्या एका वार्षिक संमेलनात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी तिची टर उडवली. रमाबाई एरवी मितभाषी. पण समारोपाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्या तरुणांना खडे बोल सुनावले. रूढीने जिचा बळी घेतला, तिची थट्टा करणाऱ्याने स्वतःस सुशिक्षित म्हणवून घेऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृहात शांतता पसरली. संस्थेत कसब शिकवले जाई, तसा शिकणारीचा मानही राखला जाई.

सेवासदनाच्या स्त्रिया आळंदीच्या यात्रेत वारकरी स्त्रियांच्या मदतीला जात. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडातील दुष्काळातही मदतीला गेल्या. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळण्याचा विचार पुढे आला, तेव्हा रमाबाईंनी स्त्रियांच्या सभा घेऊन त्याविरुद्ध आवाज उठवला. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठीही त्या झटल्या.

१९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पतीच्या सहवासातील आयुष्य आहे, पण १९०१ नंतर स्वतः केलेल्या कामाचा पसारा नाही. १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तोवर पुणे सेवासदनातून विविध विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकून तयार झाल्या होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचे बालपण आणि संसार घरोघरी पोहोचला.

या कामाला मर्यादाही होत्या. सेवासदनाचे दार जातिधर्म न पाहता खुले असले, तरी आरंभीच्या विद्यार्थिनी मुख्यतः शहरी पांढरपेशा घरांतील होत्या. शेतावर राबणारी बाई त्या दारापर्यंत क्वचितच पोहोचली. विदर्भात १९२७ मध्ये रमाबाई तांबे यांनी नागपूरला सेवासदन सुरू केले, पण तेही शहरातच. पैनगंगेच्या काठच्या गावांपर्यंत ही परंपरा पोहोचायला बचत गटांचा काळ यावा लागला.

म्हणूनच ढाणकीसारख्या गावच्या बैठकीत रमाबाईंची आठवण उपयोगी पडावी. कोणता माल करायचा, याआधी त्यांनी निराळे प्रश्न विचारले होते. गावात कशाची उणीव आहे? त्यासाठी नियमित पैसे कोण देईल? कामाला येणाऱ्या बाईच्या लेकरांकडे कोण पाहील आणि तिच्या घरच्यांची समजूत कोण घालेल? हिशेब कोण ठेवील? रुग्णाईताची देखभाल, पाळणाघर, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी खानावळ यांसारखी कामे या प्रश्नांतून पुढे येऊ शकतात. त्यांना भांडवल मोठे लागत नाही; विश्वास मात्र मोठा लागतो. पुण्यात तो विश्वास मिळवण्यासाठी एका विधवेने आपला वाडा आणि आपले नाव दोन्ही पणाला लावले होते.