राजाचा कायदा आणि घराचा उंबरठा

शाहूवाडी तालुका म्हटला की पावनखिंड आणि विशाळगड डोळ्यांपुढे उभे राहतात. 1660 साली बाजीप्रभूंनी या खिंडीत देह ठेवला. परंतु कोल्हापूरच्या गादीने पुढे रणांगणाबाहेर जो पराक्रम केला, त्याचे स्मरण आज याच मुलखात अधिक अगत्याचे झाले आहे. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांच्या वादातून गजापुरातील मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर जमाव चालून गेला. माणसामाणसांतील भिंती कायद्याने पाडू पाहणाऱ्या शाहू छत्रपतींच्या जिल्ह्यात हे घडावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 1894 मध्ये त्यांनी राज्यसूत्रे हाती घेतली. वेदोक्त प्रकरणात धर्माच्या नावाने होणारा अवमान त्यांनी स्वतः अनुभवला. छत्रपतींची ही गत, तर सामान्य रयतेची काय कथा, हे त्यांनी ओळखले. 1902 मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेचा पाया घातला आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांची दृष्टी काळाच्या फार पुढे होती. 1917 मध्ये त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. पुढच्याच वर्षी हा प्रश्न त्यांच्या घरात आला. धाकटे पुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने मरण पावले आणि सून इंदुमती अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या वयात विधवा झाल्या. राजवाड्यातील विरोधाला न जुमानता महाराजांनी सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. 1919 मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा आणि स्त्रियांच्या छळाला शिक्षा ठरविणारा असे दोन कायदे झाले. 1920 च्या कायद्याने देवतेला वाहिलेल्या जोगतिणींना वारसाहक्क मिळाला. वंश, राष्ट्रीयत्व वा धर्म आड न येता विवाह करण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रसंघाने 1948 च्या जाहीरनाम्यात घोषित केला, हे येथे ध्यानी घ्यावे.

हे कायदे एका राजाच्या इच्छेने झाले, लोकमताच्या कौलाने नव्हे, हा आक्षेप खरा आहे. 6 मे 1922 रोजी महाराज निवर्तले आणि ते बळ ओसरले. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. म्हणजे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे शंभर वर्षांनंतरही चालूच होते! मात्र हा ठराव गावाने आपणहून केला, ही त्यातली आशा. त्याच वर्षी डिसेंबरात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली. जो विवाह 1919 मध्ये संस्थानाने सन्मानिला, तो 2022 मध्ये लोकशाही शासनाला चौकशीचा विषय वाटला.

राजाची लेखणी कायदा उंबरठ्यापर्यंत आणू शकते. तो आत घेण्याचे काम घरातल्या माणसांचे असते. शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवरची मुलगी स्वतःच्या इच्छेने शिकेल, विवाह करेल वा नाकारेल आणि शेजारचा माणूस तिचा धर्म विचारणार नाही, त्या दिवशी राजर्षींचे काम खऱ्या अर्थाने पुढे गेले असे म्हणता येईल.