दुष्काळ सरला, पण राजा विसरला नाही

२०१९ च्या महापुरानंतरची गोष्ट. पाणी ओसरलं आणि आम्ही पंचनाम्याला एका नदीकाठच्या गावात गेलो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि मी. सातबाऱ्यावरची नावं घेत घेत यादी पुरी झाली. निघताना एक बाई पुढं आली. नवरा वारलेला, स्वतःची जमीन गुंठाभर नाही. मुंबईत राहणाऱ्या एका भावकीतल्या माणसाचं रान ती वाट्यानं करत होती. बी तिचं, खत तिचं, घाम तिचा. सोयाबीन कुजलं तेही तिचंच. पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, म्हणून यादीत नाव दुसऱ्याचं. माझं नाव कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादी आम्ही कागद बघून केली होती, रान कोण कसतंय हे बघून केली नव्हती.

त्या दिवसापासून राजर्षी शाहू छत्रपतींचं चरित्र मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. महाराजांचं नाव आपण आरक्षणासाठी घेतो, शाळा-बोर्डिंगांसाठी घेतो, तालमी-कुस्त्यांसाठी घेतो. ते बरोबरच आहे. पण दुष्काळ आणि रोगराईच्या काळात या राजानं काय केलं, आणि मुख्य म्हणजे संकट सरल्यावर काय केलं, हे शेतकरी बंधू-भगिनींनी आणि गावकारभाऱ्यांनी जरूर समजून घ्यावं.

कागलचा यशवंतराव

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. पाळण्यातलं नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावाचे शाहू महाराज झाले. शिक्षण राजकोटला आणि पुढं धारवाडला झालं. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रं हाती आली, तेव्हा वयाला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

गादीवर बसल्यावर महाराज संस्थानात फिरायला लागले. डोंगरातल्या वाड्या, धनगरांचे वाडे, माळावरची गावं पायाखाली घातली. गरीब माणूस काय खातो आणि कुणाला भितो, हे कचेरीत बसून कळत नाही, एवढं त्यांना लवकर उमगलं. ही ओळख पुढं दोनच वर्षांत कामाला आली.

१८९६ चा दुष्काळ

१८९६ साली पावसानं ओढ दिली. दख्खनभर दुष्काळ पडला. पिकं करपली, गुरांना वैरण राहिली नाही, धान्याचे भाव भडकले. ज्यांच्याकडे पेवं भरलेली होती ते भाव आणखी वर जायची वाट बघत बसले.

आता दुष्काळात पहिल्यांदा कोण मरतं? जमीनदार मरत नाही. ज्याच्या घरात चार महिन्यांचं धान्य आहे तोही लगेच मरत नाही. रोज मजुरी करून रोज खाणारा मरतो, कारण रानात काम नाही म्हणजे हातात पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे बाजारात धान्य असूनही त्याच्यासाठी ते नाहीच. अन्नाच्या टंचाईइतकीच ही हक्काच्या मजुरीची टंचाई असते.

महाराजांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. बाहेरून धान्य आणून स्वस्त धान्याची दुकानं उघडली, म्हणजे साठेबाजाचा भाव आपोआप खाली यावा. रस्ते, तळी, विहिरी अशी कामं काढून मजुरांच्या हाताला काम दिलं. शेतकऱ्याला तगाई दिली. संस्थानची राखीव जंगलं गुरांच्या चराईला मोकळी केली. कारण दुष्काळात एकदा बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस येऊनही नांगर चालत नाही. म्हाताऱ्या, पांगळ्या, निराधार माणसांना काम देऊन उपयोग नाही, त्यांच्यासाठी आश्रम काढून अन्नाची सोय केली.

यातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येनं यायच्या. अंगावर पिणारं पोर कुठं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न. पोर उन्हात ठेवून खडी फोडायची, नाहीतर घरी बसून उपाशी राहायचं. महाराजांनी या कामांवर पोरं सांभाळायची सोय केली, शिशुगृहं काढली. ही १८९६-९७ ची गोष्ट आहे. पुढं २००५ साली केंद्र सरकारनं रोजगार हमीचा कायदा केला, त्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमावी, असं लिहिलं गेलं. दोन्हींत शंभरावर वर्षांचं अंतर आहे. काम काढलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं होत नाही. बाईला, म्हाताऱ्याला, अपंगाला ते घेता यावं अशी मांडणी करावी लागते.

पाठोपाठ प्लेग

दुष्काळातून मान वर निघते न निघते तोच प्लेग आला. मुंबई-पुण्याकडून आलेली ही साथ कोल्हापूर संस्थानातही शिरली. त्या काळी एकच मोठा उपाय होता, गाव मोकळं करायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. पण झोपडी घालायलाही चार वासे आणि गवत लागतं. ज्याच्याकडे ते नाही, तो उंदीर पडलेल्या घरातच राहणार. म्हणून गरिबांना झोपड्या घालायला संस्थानानं मदत केली, दवाखान्यांची सोय केली. आज पुराच्या वेळी घर सोडायला सांगितलं की काही लोक निघत नाहीत आणि आपण त्यांना अडाणी म्हणतो. पण जाऊन राहायचं कुठं आणि म्हशी बांधायच्या कुठं, हे आधी सांगितलं तर बहुतेक माणूस निघतो.

पाऊस आला, आता पुढं काय?

पाऊस आला, चार कणसं दिसली की राजा आणि प्रजा दोघंही दुष्काळ विसरतात. ही आपली जुनी खोड. १९७२ नंतर किती गावांनी पाण्याचा हिशेब ठेवला, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. शाहू महाराज विसरले नाहीत.

आपल्या मुलखाची ठेवणच अशी आहे, की पश्चिमेला राधानगरी-गगनबावड्याकडे धो धो कोसळतं आणि पूर्वेला शिरोळकडे मोजकाच पाऊस. वरचं पाणी चार महिन्यांत वाहून जातं आणि उन्हाळ्यात नदी कोरडी. १९०२ साली महाराजांनी पाटबंधाऱ्याचं धोरण ठरवलं. खास अधिकारी नेमून संस्थानातल्या विहिरी आणि तळ्यांची पाहणी करवली. कुठं जुनं तळं दुरुस्त होईल, कुठं नवं होईल, हे गाववार बघितलं गेलं.

मग भोगावती नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलं. डोंगरातल्या त्या जागी नवं गाव वसवलं आणि आपल्या लेकीच्या नावावरून त्याला राधानगरी नाव दिलं. १९०७-०८ च्या सुमाराला योजनेला सुरुवात झाली. छोट्या संस्थानाला हे काम झेपणारं नव्हतं. १९१८ पर्यंत सुमारे चौदा लाख रुपये खर्च होऊन भिंत चाळीस फुटांच्या आसपास आली आणि पैशाअभावी काम थांबलं. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. म्हणजे ज्यानं सुरुवात केली त्याला पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. आज या धरणात आठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी मावतं. ते पाणी नदीत सोडायचं, खाली कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालून अडवायचं आणि दोन्ही काठांनी उपसा करायचा, अशी व्यवस्था पुढं बसली. आपल्या जिल्ह्याची हिरवळ या पाण्यावर आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धरणाचं पाणी मिळतं ते काठावर जमीन असणाऱ्याला. भूमिहीनाला त्याचा वाटा मजुरीतूनच. आणि धरण दुष्काळाला उत्तर असलं तरी महापुराला पुरं उत्तर नाही. भरल्यावर दरवाजे उघडणारच. २००५, २०१९ आणि २०२१ नं ते दाखवून दिलं. म्हणून नुसत्या भिंतीवर विसंबून चालत नाही. महाराजही विसंबले नव्हते. त्यांचं पुढचं काम बघा.

कागद कुणाच्या हातात?

गावचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्णी वतनदाराकडे असायचं. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती भरला, बाकी किती, हे सगळं त्याच्या लेखणीवर. ज्याला अक्षरओळख नाही त्यानं अंगठा उठवायचा आणि लिहिलं ते खरं मानायचं. अशा गावात सरकारनं कितीही तगाई पाठवली, तरी ती कुणाला पोचणार हे दप्तर ठेवणारा ठरवणार. १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. आज तुम्ही-आम्ही गावकामगार म्हणून काम करतो त्याची एक मुळी तिथं आहे. पगार सरकारचा, म्हणून बांधिलकी सगळ्या गावाची.

त्याच साली महार वतनही रद्द केलं. वतनाच्या तुकड्यापायी अख्ख्या समाजाला रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची फुकट कामं करावी लागत होती. त्या जमिनी रयताव्यानं त्यांच्या नावावर करून दिल्या. १९२० साली वेठबिगारी बंद केली. नावावर जमीन आणि अंगावर वेठ नाही, अशा माणसालाच संकटात आपल्या हक्काची मदत मागता येते. त्याआधी, १९१९ साली, सार्वजनिक विहिरी, दवाखाने, शाळा इथं अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले होते. टंचाईत विहीर एकच उरते. त्या विहिरीवर कुणाला बंदी असेल, तर त्या माणसाला दुष्काळ दुप्पट लागतो.

आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. ज्याला वाचता येतं त्याला यादीत आपलं नाव आहे की नाही हे बघता येतं. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याचाही अर्थ असाच. कचेरीत आपल्यातला कोणी बसलेला असेल, तर दार ठोठवायला भीती कमी वाटते.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. वय अवघं सत्तेचाळीस. राज्य केलं अठ्ठावीस वर्षं. त्यातली सुरुवातीची वर्षं दुष्काळ-प्लेगात गेली, आणि तिथं जे दिसलं त्यावर उपाय करण्यात पुढची वर्षं गेली, असंच म्हणावं लागतं.

आपण काय करायचं?

महाराज राजे होते. त्यांनी हुकूम काढला की काम व्हायचं. आज राजा नाही, ग्रामसभा आहे. २६ जूनला आपण त्यांची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी करतो. हार घालतो, नारळ फोडतो. तो दिवस बरोबर पावसाळ्याच्या तोंडावर येतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीत बसून एक यादी करावी, असं माझं सांगणं आहे.

वाट्यानं किंवा खंडानं रान कसणारे कोण? भूमिहीन घरं किती? एकट्या बायका, अपंग, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कुठल्या गल्लीत आहेत? ऊसतोडीला जाणारी आणि बाहेरून आलेली कुटुंबं कोणती? पाणी चढलं तर कुणाच्या म्हशी कुठल्या माळावर बांधायच्या आणि वैरण कोण देणार? टंचाईत टँकर आला तर तो कुठं उभा राहणार, म्हणजे सगळ्या वस्त्यांना सारखा जवळ पडेल? ही यादी सभेत मोठ्यानं वाचावी आणि भिंतीवर लावावी. नाव राहिलं असेल तर तिथंच घालावं. याला अनुदान लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. नियमात मदत खातेदारालाच असली, तरी प्रत्यक्ष रान कोण कसतंय हे गावानं आधीच लिहून ठेवलं असेल, तर वर मांडायला आधार होतो.

त्या बाईचं नाव मी नंतर एका साध्या वहीत लिहून घेतलं. त्याचा तिला त्या वर्षी काही उपयोग झाला नाही, हे कबूल करतो. पण तेव्हापासून पंचनाम्याला गेलो की सातबारा उघडायच्या आधी मी बांधावर उभा राहून एक प्रश्न विचारतो. हे रान कसतंय कोण?