एरिक लिडेल व त्यांचे गुरू

शर्यतीत पहिला आलेला खेळाडू सर्वांस दिसतो. त्याला घडविणारा गुरू मात्र बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. ह्या दोघांमधील नाते कसे असावे, हे कळावे म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे व त्यांच्या पालकांपुढे एरिक लिडेल ह्यांचे चरित्र थोडक्यात ठेवीत आहोत.

लिडेल ह्यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन शहरी झाला. त्यांचे आईवडील स्कॉटलंडचे मिशनरी होते. इंग्लंडात मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत शिकून ते १९२० साली एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. पुढील वर्षी तेथील शर्यतींत त्यांचा वेग सर्वांच्या नजरेत भरला व टॉम मॅककर्चर ह्या अनुभवी शिक्षकांनी त्यांस शिकविण्याचे पत्करले.

धावण्यापूर्वी अंग कसे मोकळे करावे, स्नायूंना मर्दन का हवे, अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम न थांबता वेग हळूहळू कसा उतरवावा, हे सर्व मॅककर्चर ह्यांनी त्यांस शिकविले. चवड्यांवर नाचल्यासारखे ते व्यायाम प्रथम लिडेल ह्यांस हास्यास्पद वाटत. तथापि त्यांनी गुरूंचा शब्द मानला. मान मागे टाकून व हात वेडेवाकडे हालवीत धावण्याची त्यांची ढब मात्र अखेरपर्यंत कायम राहिली. शिष्याला साच्यात न घालता त्याच्या मूळ शक्तीलाच वळण लावावे, हा धडा आम्हांस येथे दिसतो.

१९२३ साली लंडन येथे लिडेल ह्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. साहजिकच पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरच्या शर्यतीत तेच विजयी होतील, अशी लोकांना आशा वाटू लागली. परंतु त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या प्रभुवारी असल्याचे कळताच त्यांनी धावण्यास नकार दिला. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. गुरूंचेही कित्येक महिन्यांचे श्रम पणास लागले होते. तरीही मॅककर्चर ह्यांनी शिष्याचा हात सोडला नाही. दोघेही ४०० मीटरच्या तयारीस लागले. ११ जुलै १९२४ रोजी ती शर्यत लिडेल ह्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली व ऑलिंपिकमध्ये नवा उच्चांक स्थापिला. शिष्याने विद्येच्या बाबतीत गुरूंची आज्ञा पाळली. गुरूंनी शिष्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा मान राखिला.

कीर्ती शिखरावर असतानाच १९२५ साली लिडेल चीनला परतले व तिएनत्सिनच्या मिशन कॉलेजात शिक्षक झाले. पुढे महायुद्धात, १९४३ साली, जपानी लष्कराने त्यांस वेइशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले. पत्नी व मुली कॅनडात सुरक्षित होत्या. छावणीतील कित्येक मुलेही आईबापांपासून दुरावलेली होती. लिडेल त्यांचे एरिक काका झाले. ते मुलांना शिकवीत, त्यांचे खेळ भरवीत व मोडलेल्या हॉकीच्या काठ्या स्वतः दुरुस्त करीत. प्रभुवारी खेळ घेण्यास ते प्रथम राजी नव्हते. परंतु देखरेखीवाचून खेळताना मुलांत हाणामारी झाली, तेव्हा पुढील प्रभुवारी ते स्वतः पंच म्हणून मैदानावर उभे राहिले. सुवर्णपदकासाठी जो नियम त्यांनी मोडला नाही, तो मुलांच्या हितासाठी त्यांनी शिथिल केला! मेंदूतील गाठीच्या विकाराने २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याच छावणीत त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, शिक्षकांची आज्ञा कंटाळवाणी वाटली तरी पाळा. परंतु जे मनास अयोग्य वाटते ते त्यांस निर्भयपणे व नम्रतेने सांगा. आणि पालकहो, मूल चषकावाचून घरी आले तर त्याला रागे भरण्यापूर्वी मॅककर्चर ह्यांची आठवण करावी, इतकीच आमची विनंती आहे.