सूतगिरणीतला हिशेबनीस आणि रडारचा नियम

फाट्यावर उभं असताना एसटी हॉर्न दाबत भरधाव निघून गेली की एक गंमत कानाला कळते. येताना हॉर्नची पट्टी चढी असते, गाडी पुढे गेली की तीच पट्टी एकदम उतरते. ड्रायव्हरने हॉर्न काही बदललेला नसतो. या साध्या गोष्टीमागचा नियम मांडणारे ख्रिस्तियन डॉपलर. पावसाच्या बातमीत 'डॉपलर रडार' म्हणतात, ते नाव यांचंच. पण यांनी रडार सोडा, मोटारसुद्धा कधी पाहिली नव्हती.

जन्म 29 नोव्हेंबर 1803, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. घराणं पाथरवटांचं. पोराची तब्येत नाजूक, छिन्नी-हातोडा झेपेना, म्हणून शिकायला घातलं. गणितात हुशार निघाले. व्हिएन्नात काही वर्षं सहायक म्हणून काम केलं, पण ती नोकरी मुदतीची होती. मुदत संपली आणि हा गणिती सूतगिरणीत हिशेब लिहीत बसला, जवळपास दीड वर्ष. अर्जांवर अर्ज केले, नोकरी काही लागेना. शेवटी 1835 मध्ये सामानसुमान विकून अमेरिकेला जायची तयारी केली. तेवढ्यात प्राग शहरातल्या एका शाळेतून बोलावणं आलं आणि अमेरिका राहिली.

प्रागलाच 25 मे 1842 रोजी त्यांनी आपला निबंध वाचला. ऐकायला अगदी मोजकीच माणसं होती. म्हणणं असं: लाटा सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटीने पोचतात, लांब जात असेल तर विरळ होतात. हे त्यांनी ताऱ्यांच्या रंगांना लावलं आणि तिथे मात्र ते चुकले. तारे निळे-तांबडे दिसतात ते मुख्यतः त्यांच्या तापमानामुळे. नियम खरा, उदाहरण चुकीचं!

पडताळणी हॉलंडमध्ये झाली. बाइस बालोट नावाच्या शास्त्रज्ञाने 1845 मध्ये रेल्वेवर तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळांशेजारी सुरांची जाण असलेली माणसं उभी केली. फेब्रुवारीत बर्फाने खोडा घातला, जूनमध्ये जमलं. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरलेला.

रडार चालतं ते असं. अंतर काढायला रडार रेडिओ लहरीचा एक ठोका सोडतं आणि तो वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. ढग 15 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. वेग काढायला डॉपलर लागतात. रडारवाली स्पीड गन सेकंदाला साधारण 24 अब्ज लाटा सोडते. समोरून ताशी 100 किलोमीटरने गाडी आली तर परत येताना त्यात सुमारे 4,400 लाटांची भर पडते. त्या फरकावरून वेग कळतो. क्रिकेटमध्ये बॉलचा वेग दाखवतात तोही याच नियमाने. एक मर्यादा मात्र आहे: वस्तू रडारच्या समोरून अगदी आडवी गेली तर त्या क्षणी हा फरक शून्य येतो. मुंबईत कुलाब्याच्या डॉपलर रडारवर पावसाचे ढग किती लांब आहेत ते दिसतं, आणि त्यातले थेंब वाऱ्याबरोबर रडारकडे येतात की लांब जातात, तेही.

डॉपलर यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. प्रागमध्ये शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेता घेता तब्येत ढासळली. वर परीक्षा फार कडक घेतात म्हणून विद्यार्थ्यांनी तक्रार केली, चौकशी बसली. 1850 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले, तेव्हा कुठे बरे दिवस आले. पुढे वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम सांगणारे मेंडेल तिथे त्यांच्या हाताखाली शिकले.

पण 1852 मध्ये पेत्झवाल या नावाजलेल्या गणितज्ञाने भर अकादमीत त्यांच्या नियमावर हल्ला चढवला. एवढ्याशा सूत्रातून मोठं विज्ञान निघत नाही, असा त्यांचा रोख. हॉलंडचा प्रयोग होऊन सात वर्षं झाली होती, तरीही! क्षयाने पोखरलेले डॉपलर त्याच वर्षाअखेरीस हवापालटासाठी व्हेनिसला गेले. बायको आणि पाच मुलं मागे ठेवून 17 मार्च 1853 रोजी तिथेच वारले. वय 49. व्हेनिसजवळच्या सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

पंधरा वर्षांनी, 1868 मध्ये, इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी याच नियमाने व्याध ताऱ्याचा वेग काढून दाखवला.