गाडगे महाराज

संत गाडगे महाराज (जन्म : शेंडगाव, अमरावती जिल्हा, २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : वलगावजवळ, अमरावती जिल्हा, २० डिसेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. स्वच्छता, शिक्षण आणि व्यसनमुक्ती हे त्यांच्या लोकशिक्षणाचे प्रमुख विषय होत.

बालपण
डेबूजींचा जन्म परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा डेबूजी आठ वर्षांचे होते. आई सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली आणि शेतीची कामे केली. १८९२ मध्ये त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. पुढे मामांची जमीन कर्जापायी सावकाराच्या ताब्यात गेली.

किशोरवय आणि व्यसन
किशोरवयात मेंदूची जडणघडण चालू असते. संयम व निर्णय यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. या काळातील दीर्घ ताणामुळे मेंदूतील ताण व सुखसंवेदना यांच्याशी संबंधित यंत्रणांवर परिणाम होऊन पुढे व्यसनाचा धोका वाढू शकतो. व्यसनी पालकांच्या मुलांमध्येही हा धोका अधिक आढळतो. मात्र धोका म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. मायेची माणसे व स्थिर घर यांमुळे तो कमी होतो. डेबूजींना आजोळचा आधार, श्रमाची सवय व भजनाची गोडी लाभली. ते आजन्म निर्व्यसनी राहिले.

कार्य
मुलीच्या बारशाला दारू व मटण देण्याची रूढी मोडून त्यांनी गोड जेवण दिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. हाती खराटा आणि सोबत मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते श्रोत्यांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांचे दुष्परिणाम त्यांच्याच तोंडून वदवून घेत. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या.

वारसा
अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. दारव्ह्यासह संपूर्ण यवतमाळ जिल्हा या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.