ताराबाई मोडक : ॲपच्या आधीचा फीडबॅक

मुरुडमध्ये बसून मी कोड लिहितो. चुकलं की एडिटर लगेच लाल रेघ ओढतो. शाळेत मात्र तपासलेला पेपर हातात येईपर्यंत प्रश्नच विसरलेला असायचा. ही अडचण ताराबाई मोडक यांनी कम्प्युटरशिवाय सोडवली होती.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसोरी पद्धतीवर काम केलं. त्यातली दट्ट्यांची पेटी बघा. प्रत्येक भोकात एकच दट्ट्या नेमका बसतो. एक चुकला की शेवटी एक उरतोच. कुणी ओरडायची गरज नाही, मूल स्वतःच काढून पुन्हा लावतं.

पण ही साधनं महाग. म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या बालवाडीत शंखशिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या.

आज बरीच ॲप्स चुकीसोबत उत्तरही दाखवून टाकतात. चूक लगेच कळावी, उत्तर मात्र थोडं थांबून. मधली धडपडच लक्षात राहते. पुढच्या क्विझला 'हिंट' दाबण्याआधी एकदा स्वतः करून बघा.