सैतानाने नव्हे, झिमरमनने शिकवलं

मेम्फिसहून हायवे ६१ धरून दक्षिणेला निघालं की दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट शेतं लागतात. सव्वा-दीड तासात मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल येतं. तिथे एका चौकात उंच खांबावर निळ्या रंगाच्या मोठ्या गिटारी लावल्या आहेत. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हमखास तिथे नेतो. गाडीतून उतरायच्या आत मंडळी मोबाइल काढतात, कारण गोष्ट त्यांनी आधीच कुठेतरी ऐकलेली असते. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या एका काळ्या पोराला गिटार धड येत नव्हती, तो मध्यरात्री चौरस्त्यावर गेला, सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात असा वाजवायला लागला की सगळे थक्क! आपल्याकडे अमावस्येच्या रात्री तिठ्यावर वेताळ भेटतो, तसलाच हा प्रकार.

गोष्ट झकास आहे, पण ती ऐकली की मला दरवेळी थोडा राग येतो. कारण या माणसाला शिकवणारा माणूस कोण होता, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे.

रॉबर्टचा जन्म १९११ साली मिसिसिपीतल्याच हेझलहर्स्ट गावी झाला. हे गाव क्लार्क्सडेलपासून दूर, राज्याच्या दक्षिण भागात आहे. त्याच्या आईचा, ज्युलियाचा, नवरा सुतारकामात नाव कमावलेला माणूस. पण गोऱ्या जमीनदारांशी वाद झाला आणि जीव वाचवायला त्याला मेम्फिसला पळून जावं लागलं. तिथे तो नाव बदलून राहिला. त्यानंतर ज्युलियाला नोआ जॉन्सनपासून झालेला मुलगा म्हणजे रॉबर्ट. त्याचं बालपण कधी मळ्यावर, कधी मेम्फिसला त्या पहिल्या कुटुंबात, असं वाटण्या झाल्यासारखं गेलं. पुढे आईने पुन्हा लग्न केलं आणि मुक्काम आला रॉबिन्सनविल भागातल्या कापसाच्या मळ्यावर. सावत्र बापाला शेतात राबणारा मुलगा हवा होता. या मुलाचं लक्ष मात्र माउथऑर्गनवर आणि मोरचंगासारख्या छोट्या वाद्यावर. जॉन्सन हे आडनाव त्याने खरा बाप कोण ते कळल्यावर घेतलं.

१९२९ साली त्याचं लग्न झालं. दोघंही विशीच्या आतली. पुढच्याच वर्षी बायको व्हर्जिनिया बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेव्हा तिथल्या चर्चला जाणाऱ्या लोकांत ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत असा समज पक्का होता. असली गाणी वाजवत हिंडणाऱ्याच्या घरी आणखी काय होणार, असं बोलणारेही असायचेच. सैतानाचं नाव त्याला चिकटलं ते असं, चौरस्त्याच्या कितीतरी आधी.

त्याच १९३० मध्ये सन हाउस नावाचा नाणावलेला ब्लूज गायक रॉबिन्सनविलला राहायला आला. शनिवारी रात्री तो आणि विली ब्राउन वाजवायचे, लोक नाचायचे. रॉबर्ट घरातून निसटून तिथे जायचा आणि त्यांच्या पायाशी बसायचा. दोघं विश्रांतीला बाहेर गेले की त्यांची गिटार उचलायचा आणि असा काही गोंगाट करायचा, की लोक बाहेर येऊन तक्रार करायचे, त्या पोराच्या हातातून ती गिटार घ्या म्हणून. हे सगळं खुद्द सन हाउसने म्हातारपणी सांगून ठेवलं आहे. मग रॉबर्ट गावातून गायब झाला. परत आला तेव्हा पाठीवर स्वतःची गिटार होती. हाउसने गंमत म्हणून त्याला बसायला जागा दिली. त्याने वाजवलं आणि दोघांची तोंडं उघडीच राहिली.

मधल्या काळात काय झालं? चौरस्त्याची कथा याच रिकाम्या जागेत घुसली. ही कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच एका ब्लूज गायकाची होती. तो स्वतःबद्दल ती सांगत असे. आडनाव सारखं, एवढाच दोघांचा संबंध! रॉबर्टच्या चौरस्त्याच्या गाण्यात तर सैतान येतही नाही. त्यात आहे देवाची करुणा भाकणारा, गाडी थांबवायचा प्रयत्न करणारा आणि दिवस मावळतोय म्हणून घाबरलेला माणूस. त्या काळच्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकट्या काळ्या माणसाला कशाची भीती वाटत असेल, हे समजायला सैतानाची गरज नाही.

रॉबर्ट गेला होता जन्मगावी, हेझलहर्स्टकडे. बहुधा बापाला शोधायला. बाप मिळाल्याची नोंद नाही, पण जवळच्या बोरगार्डमध्ये आईक झिमरमन भेटला. हा रॉबर्टपेक्षा वयाने मोठा, बायकामुलं असलेला, त्या भागातला तयार गिटारवादक. त्याने या पोराला घरात ठेवून घेतलं आणि शिकवलं. आईकच्या मुलीने कित्येक दशकांनी एका अभ्यासकाला हे सगळं सांगितलं. घरात लेकरंबाळं, म्हणून दोघं रात्री गिटारी घेऊन जवळच्या दफनभूमीत जायचे आणि थडग्यांवर बसून सराव करायचे. तिथे शांतता असायची, कितीही वेळ वाजवा, कुणाची झोपमोड नाही. अफवा पिकायला आणखी काय हवं? पण आत पाहिलं तर काय चाललं होतं? रियाझ! समोर गुरू, तोच तुकडा पुन्हा पुन्हा, बोटं बसेपर्यंत. आपल्याकडच्या जुन्या गवयांच्या घरी जे चालायचं तेच, फक्त जागा वेगळी.

त्याने काय कमावलं होतं हेही बघण्यासारखं आहे. मी हौशी गिटारवाला, त्यामुळे त्याची रेकॉर्डिंग्ज मी कानाने कमी आणि बोटांनी जास्त ऐकतो. तेव्हाचे पियानोवाले डाव्या हाताने खर्जाची एक सरकती चाल धरत आणि उजव्या हाताने वर सुरावट वाजवत. रॉबर्टने ही दोन्ही कामं एका गिटारवर आणली. अंगठा जाड तारांवर ताल धरून चालत राहतो, बाकीची बोटं बारीक तारांवर उत्तरं देतात, मध्येच तारांवर काचेचा किंवा धातूचा तुकडा सरकवून माणसासारखा आवाज काढतात, आणि हे सगळं गाता गाता. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सोबतचा दुसरा गिटारवाला कोण, असं विचारलं होतं. दुसरा कोणी नव्हताच.

तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवरूनही शिकला. स्किप जेम्सने पियानोवर गायलेलं गाणं त्याने गिटारवर उतरवलं, कोकोमो अर्नोल्डच्या गाण्यांवरून स्वतःची बांधली. सोबत भटकणारा जॉनी शाइन्स सांगायचा की, हा गप्पा मारत असताना रेडिओवर एखादं गाणं लागलं तरी नंतर तेच जसंच्या तसं वाजवायचा. असा कान आधीच्या मेहनतीशिवाय तयार होत नाही.

नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलातल्या एका खोलीत आणि जून १९३७ मध्ये डलासमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं. एकूण गाणी २९. काही गाणी दोनदा मुद्रित झाली. ती लागोपाठ ऐका. बहुतेक ठिकाणी बांधणी तीच, हरकती त्याच जागी. म्हणजे माणूस तयारी करून आला होता. झपाटलेला माणूस असा दोनदा एकसारखा वाजवत नाही.

यानंतर त्याला फार दिवस मिळाले नाहीत. ऑगस्ट १९३८ मध्ये ग्रीनवुडजवळ तो गेला, वय अवघं २७. कुणा नवऱ्याने मत्सरापोटी दारूत विष घातलं असं म्हणतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी डॉक्टर नव्हता एवढीच नोंद आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमासाठी जॉन हॅमंड त्याला शोधत होता, तेव्हा कळलं की तो उरलाच नाही. १९६१ साली त्याची एलपी निघाली आणि इंग्लंड-अमेरिकेतली तरुण पोरं ती झिजेपर्यंत ऐकत बसली. एरिक क्लॅप्टन त्यातलाच एक.

सैतानाची गोष्ट सांगायला माझी हरकत नाही. पण ती ऐकून लहान मुलंसुद्धा म्हणतात, म्हणजे त्याला ते असंच मिळालं. आपणही कुणी चांगलं वाजवलं की दैवी देणगी म्हणून मोकळे होतो. ज्या पोराला जमीन, शिक्षण, बाप, काहीच धड मिळालं नाही, त्याने स्वतःच्या रात्री घालून जे कमावलं, त्याचं श्रेयही त्याच्याकडून काढून घ्यायचं? आणि आईक झिमरमनचं तर एकही ध्वनिमुद्रण नाही. त्याचं जे काही उरलं, ते शिष्याच्या बोटांत.

रॉबर्ट आपली बोटं इतर वादकांपासून लपवायचा म्हणतात, पण एकाला त्याने मन लावून शिकवलं. ज्या एस्टेलाच्या घरी तो राहायचा तिचा मुलगा, रॉबर्ट लॉकवुड, गुरूपेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. पुढे तो क्लीव्हलंडला स्थायिक झाला आणि नव्वदी ओलांडल्यावरही वाजवत होता. २००६ साली तो गेला. थडग्यांवर बसून सुरू झालेली शिकवणी त्याच्या हातांतून पाऊणशे वर्षं चालू राहिली.